नीटचा स्कोअर तिथल्या तिथेच अडकलाय? रिपीटर विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पहिल्या प्रयत्नात ७२० पैकी ३८०. वर्षभर ड्रॉप घेतल्यावर, म्हणजे कुठे प्रवेश न घेता फक्त नीटची तयारी केल्यावर, ४१५. आणखी एक वर्ष दिल्यावर ४२०. लातूर, नांदेड, पुणे, संभाजीनगर, कुठल्याही रिपीटर बॅचमध्ये जा, असे आकडे घेऊन बसलेली मुलं सापडतील. यातल्या बहुतेकांनी मेहनतीत कसर ठेवलेली नसते. लेक्चर बुडवलेलं नसतं, मॉड्युल (क्लासचं सराव पुस्तक) दोनदा सोडवून झालेलं असतं, डीपीपीचे (रोजच्या सराव प्रश्नांचे) गठ्ठे संपलेले असतात. तरी टेस्ट सिरीजचे गुण दिवाळीपर्यंत वाढतात आणि मग एका जागी बसतात ते उठतच नाहीत. घरून एकच सल्ला येतो, अजून जोर लाव. जोर तर आधीच लावून झालेला असतो.

माझं म्हणणं असं आहे की अडकलेला स्कोअर अभ्यासाचे तास वाढवून क्वचितच हलतो. रिपीटरचं वर्ष बहुतेक वेळा येत असलेल्या गोष्टी पुन्हा ऐकण्यात जातं. गुण जिथे सांडतात ती जागा मात्र कुणी निवांत बसून पाहिलेलीच नसते. खाली जे सांगतोय ते त्या जागेपर्यंत पोचण्यासाठी आहे.

आधी हे तपासा: स्कोअर खरंच अडकलाय का?

नीटचे गुण एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाशी सरळ जुळत नाहीत. खुल्या गटाचा पात्रतेचा गुण २०२३ मध्ये १३७ होता, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४. वरच्या टोकाला तर फरक फार मोठा आहे. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारे एकापेक्षा जास्त होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ होते आणि ६०० च्या वर जेमतेम तेराशे जण होते. फिजिक्सचा पेपर त्या वर्षी चांगलाच अवघड निघाला. म्हणजे २०२४ ला ४६० आणि २०२५ ला पुन्हा ४६० मिळालेला विद्यार्थी गुणांत अडकलेला दिसतो, पण ऑल इंडिया रँकमध्ये तो बराच पुढे सरकलेला असतो. म्हणून दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं शेजारी ठेवा आणि रँक व पर्सेंटाइल (शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत) पाहा. प्रत्येक विषयाचं पर्सेंटाइल वेगळं दिलेलं असतं, तेही पाहा. कित्येकदा बायोलॉजी वर गेलेली असते, फिजिक्स खाली आलेलं असतं आणि बेरीज तीच राहिलेली असते. बेरजेकडे पाहून हे कळत नाही.

टेस्ट सिरीजचंही तसंच. एका टेस्टला ४५०, पुढच्याला ४१०, त्यापुढच्याला ४४० यात प्रगती किंवा घसरण शोधत बसू नका. पेपर सोपा-अवघड होणं आणि दोन-चार अंदाज लागणं-चुकणं यानेच एवढा फरक पडतो. पूर्ण अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पाच टेस्टची सरासरी काढा आणि त्याआधीच्या पाचांच्या सरासरीशी ताडून पाहा. दोन्ही सरासऱ्या दहा-पंधरा गुणांच्या आत असतील तर स्कोअर अडकलाय असं म्हणायला हरकत नाही.

मागच्या परीक्षेचा पेपर पुन्हा उघडा

हे काम बहुतेक मुलं टाळतात, कारण त्या पेपरकडे पाहवत नाही. पण तुमच्याबद्दल त्याच्याइतकी खरी माहिती दुसऱ्या कुठल्याही कागदात नाही. नीटची प्रश्नपुस्तिका घरी आणता येते. उत्तरतालिका जाहीर होते तेव्हा परीक्षा घेणारी संस्था एनटीए तुमच्या ओएमआर शीटची (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन प्रतही लॉगिनवर दाखवते. ती काही दिवसच दिसते, तेव्हा दिसली की लगेच उतरवून जपून ठेवा. ती हाताशी नसेल तर सर्वांत अलीकडच्या तीन पूर्ण टेस्ट घ्या.

आता विषयवार तीन आकडे लिहा: बरोबर (चार गुण), चूक (एक गुण वजा), सोडलेले (शून्य). उदाहरण म्हणून ४१६ गुणांचा एक पेपर घेऊ. बायोलॉजीत ९० पैकी ७० बरोबर, १६ चूक, ४ सोडलेले, म्हणजे २६४. केमिस्ट्रीत ४५ पैकी २६ बरोबर, १३ चूक, ६ सोडलेले, म्हणजे ९१. फिजिक्समध्ये १९ बरोबर, १५ चूक, ११ सोडलेले, म्हणजे ६१.

या पेपरात ४४ उत्तरं चुकलीत. चुकलेला प्रश्न बरोबर झाला की गेलेला एक गुण परत येतो आणि चार नवे मिळतात, एकूण पाच. समजा या ४४ पैकी बायोलॉजीतले १०, केमिस्ट्रीतले ५ आणि फिजिक्समधले ५ दुरुस्त झाले, आणि फिजिक्समधले आणखी ४ फालतू अंदाज मारलेच नाहीत. हिशेब होतो १०० अधिक ४. तोच विद्यार्थी ५२० वर जातो. यासाठी नवीन धडा एकही लागला नाही. वीस प्रश्न, तेही असे की ज्यांचं उत्तर द्यायला तो स्वतःहून पुढे सरसावला होता. अडकलेल्या मुलाने आधी हे वीस प्रश्न शोधावेत, नवं मॉड्युल नंतर.

प्रत्येक चुकीला कारण चिकटवा

आता एकेक चुकलेला प्रश्न घ्या आणि त्यापुढे खालीलपैकी एक कारण लिहा. घाई करू नका, एका पेपरला तीन तास लागले तरी चालतील.

माहीतच नव्हतं: ती ओळ, ते सूत्र, ती अभिक्रिया कधी वाचलेलीच नव्हती.

माहीत होतं पण गोंधळलो: दोन जवळच्या गोष्टींची अदलाबदल झाली. क्रॉसिंग ओव्हर पॅकिटीनमध्ये होतं आणि कायझ्मा दिसतात डिप्लोटीनमध्ये. हे शंभर वेळा वाचूनही परीक्षेत उलटं होतं.

संकल्पना येत होती, वापरता आली नाही: फिजिक्समधल्या निम्म्याहून अधिक चुका इथे येऊन पडतात.

वाचताना किंवा हिशेबात घसरलो: ‘चुकीचे विधान निवडा’ मधलं ‘चुकीचे’ सुटलं, सेंटिमीटरचं मीटर केलं नाही, ओएमआरवर शेजारचा गोल भरला.

वेळ संपत आली म्हणून ठोकून दिलं.

याशिवाय एक सहावा प्रकार आहे आणि तो चुकांमध्ये दिसतच नाही: अंदाजाने बरोबर आलेले प्रश्न. तो पकडायचा तर टेस्ट देतानाच प्रश्नपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाच्या क्रमांकापाशी खूण करायची सवय लावा. खात्री असेल तर टिंब, अर्धवट खात्री असेल तर आडवी रेघ, निव्वळ अंदाज असेल तर फुली. अर्ध्या सेकंदाचं काम आहे. पण नंतर तपासताना टिंब असलेला प्रश्न चुकलेला दिसला की तिथे थांबा. खात्रीने चुकलेला प्रश्न म्हणजे डोक्यात चुकीची गोष्ट पक्की बसलेली आहे. पुन्हा लेक्चर ऐकून ती जात नाही, कारण लेक्चर ऐकताना ‘हे तर मला येतं’ म्हणून कान आपोआप मिटतात.

तीन पेपरांची अशी वर्गवारी झाली की चित्र उभं राहतं. आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाच्या ४४ चुकांतल्या १८ निव्वळ वाचण्याच्या असतात. त्याला फिजिक्सचा नवा क्लास लावून काय होणार? कुणाच्या बायोलॉजीतल्या चुकांपैकी बहुतेक वनस्पतिशास्त्राच्या दोनच धड्यांतल्या निघतात.

चुकांची वही

वही बरेच जण करतात. सुंदर अक्षरात प्रश्न उतरवतात, रंगीत पेनने पूर्ण सोल्यूशन लिहितात आणि परत कधी उघडत नाहीत. अशी वही न केलेली बरी. वही फक्त दोन कामांसाठी हवी: चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते टिपायला, आणि तो प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर कधी सोडवायचा ते ठरवायला.

एक नोंद नमुन्यादाखल पाहा. प्रश्न: २० मीटर उंचीवरून चेंडू १५ मीटर प्रति सेकंद वेगाने आडवा फेकला, जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती? (जी = १०.) विद्यार्थ्याने उत्तर दिलं ३५. बरोबर उत्तर २५. वहीत सोल्यूशन लिहू नका, एवढंच लिहा: ‘उभा वेग २० बरोबर काढला. आडव्या १५ मध्ये तो सरळ मिळवला. दोन घटक काटकोनात आहेत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ.’ खाली स्वतःच एक जोडप्रश्न करा: आदळताना चेंडू जमिनीशी किती अंशांचा कोन करतो? टॅन थीटा बरोबर २० भागिले १५, म्हणजे सुमारे ५३ अंश. जोडप्रश्न स्वतःला बनवता आला तर चूक समजली. नाही आला तर फक्त उत्तर पाठ झालंय.

मग समासात तीन तारखा टाका: आजपासून तिसरा दिवस, दहावा दिवस, तिसावा दिवस. त्या त्या तारखेला प्रश्न पर्याय झाकून सोडवायचा. पर्याय डोळ्यांसमोर असले की मेंदू ओळखण्यावर भागवतो, आठवण्याची तसदी घेत नाही. तिन्ही वेळा न अडखळता आला तर नोंदीवर काट मारा. एकदा जरी अडखळलात तर तारखा पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळचा पहिला तास या तारखांसाठी राखून ठेवा, नवीन अभ्यासाच्या आधी. मागे ठेवला तर तो कधीच येत नाही, हे रिपीटर मुलांचे दिवस जवळून पाहिलेला कुणीही सांगेल.

पुन्हा वाचल्याने येतंय असं का वाटतं?

रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग रिपीटर मुलांनी जाणून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. रिपीटरचं सगळं वर्ष या पाच मिनिटांच्या भासात जाऊ शकतं. एनसीईआरटी (केंद्रीय अभ्यासक्रमाचं पुस्तक) पाचव्यांदा वाचताना ओळ न् ओळ ओळखीची वाटते, म्हणून झालं असं वाटतं. धडा मिटवून कोऱ्या पानावर नेफ्रॉनच्या प्रत्येक भागात काय शोषलं जातं ते लिहायला बसलं की मग खरं कळतं.

तेव्हा रिव्हिजनचा अर्थ बदला. आधी पुस्तक बंद ठेवून दहा मिनिटं आठवेल तेवढं लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी फक्त लाल पाहा.

विषयवार

बायोलॉजीत ३०० च्या खाली असाल तर सर्वांत लवकर हलणारे गुण इथेच आहेत. प्रश्न एनसीईआरटीच्या ओळीवर, आकृतीखालच्या मजकुरावर, तक्त्यांवर येतात. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची एक वेगळी अडचण असते. बारावीला बालभारतीचं पुस्तक पक्कं झालेलं असतं आणि एनसीईआरटी वरवर चाळलेली असते. दोन्हींत उदाहरणं आणि शब्दरचना वेगळी असते, आणि परीक्षेत शंका आली की मन आधी शिकलेल्याकडे धावतं. ड्रॉपच्या वर्षात एनसीईआरटीच ठेवा. विधान-कारण, जोड्या लावा आणि ‘किती विधाने योग्य’ अशा प्रश्नांत चुका जास्त होत असतील तर प्रत्येक विधानापुढे बरोबर-चूक लिहूनच पर्यायाकडे जा.

मराठीतून पेपर देणाऱ्यांसाठी: प्रश्नपुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशी द्विभाषिक असते, आणि दोन्हींत तफावत आढळली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. मराठी वाक्य संदिग्ध वाटलं की समोरचं इंग्रजी वाक्य वाचायची सवय टेस्टमध्येच लावा. पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत माहीत हवेत.

जुन्या नोट्स जपून वापरा. नीटचा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून बदलला आहे. बायोलॉजीतून पचनसंस्था, वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण असे धडे गेले. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स वगैरे गेले. फिजिक्स आणि केमिस्ट्रीत प्रात्यक्षिकांचा भाग स्वतंत्रपणे आला. मोठ्या भावंडाच्या किंवा सेकंडहँड मॉड्युलवर अभ्यास चालू असेल तर चालू वर्षाचा अभ्यासक्रम छापून घ्या आणि एकेक मुद्दा पेन्सिलने ताडून पाहा. प्रात्यक्षिकांचा भाग, व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, टायट्रेशन, बहुतेकांचा राहून गेलेला असतो.

केमिस्ट्रीचे तीन तुकडे वेगळे मोजा. इनऑरगॅनिकमध्ये अपवाद कारणासकट लिहा. ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनची पहिली आयनीभवन ऊर्जा जास्त का, हे सांगता आलं नाही तर तो अपवाद परीक्षेत टिकणार नाही. ऑरगॅनिकमध्येही तसंच: ॲनिलिनचं नायट्रेशन केल्यावर मेटा उत्पादन ४७ टक्के इतकं कसं येतं? कारण आम्लात ॲनिलिनचा ॲनिलिनियम आयन होतो आणि तो मेटाकडे वळवतो. फिजिकल केमिस्ट्रीतल्या चुका मात्र बहुतेक हिशेबाच्या असतात. तिथे रोज दहा गणितं कॅल्क्युलेटरशिवाय, घड्याळ लावून.

आता फिजिक्स. खूप रिपीटर मुलांनी मनात आधीच ठरवून टाकलेलं असतं की फिजिक्समध्ये ६० पुरे, बाकी बायोलॉजीत काढू. मला हे पटत नाही. बायोलॉजी ३२० च्या पुढे गेली की तिथला एकेक गुण महाग होत जातो, आणि फिजिक्सचे ६० वरून १०० होणं त्यापेक्षा सोपं असतं, पण रीत बदलावी लागते.

फिजिक्स अडकण्याचं मुख्य कारण म्हणजे सोडवलेलं गणित पाहणं. सर फळ्यावर सोडवतात, आपण मान डोलावतो, वहीत उतरवतो. ॲपवरचा व्हिडिओही तसाच. हात चाललेला असतो, पण पहिली पायरी कुठली घ्यायची हा निर्णय कधीच आपण घेतलेला नसतो. परीक्षेत नेमका तोच घ्यावा लागतो. तर नियम असा करा: प्रश्न घेतला की बारा मिनिटं सोल्यूशनला हात लावायचा नाही. आकृती काढा, काय दिलंय आणि काय हवंय ते चिन्हांत लिहा, कुठला नियम लागू आहे आणि का, हे एका ओळीत लिहा. नाहीच आलं तर सोल्यूशनची फक्त पहिली ओळ पाहा, झाका आणि पुढे जा. संपूर्ण सोल्यूशन वाचून झाल्यावर तो प्रश्न वहीत जातो, तिसऱ्या दिवसाच्या तारखेसह.

दुसरी गोष्ट, धड्यांची सरमिसळ. एकाच धड्याचे चाळीस प्रश्न सलग सोडवले की दहाव्या प्रश्नानंतर सूत्र विचार न करता हाताला येतं. परीक्षेत प्रश्नावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. म्हणून रोजच्या वीस प्रश्नांत चार-पाच धडे मिसळा. सुरुवातीला चुका वाढतील आणि नाउमेद व्हायला होईल, पण तीन-चार आठवडे रेटा.

धडे निवडताना आधी विद्युतप्रवाह, स्थिरविद्युत, किरण प्रकाशशास्त्र, आधुनिक भौतिकी, सेमीकंडक्टर, उष्मागतिकी, एकके आणि मापन हे हाती घ्या. यांवर दरवर्षी प्रश्न असतात आणि त्यांतले बरेचसे एक-दोन पायऱ्यांचे असतात. रोटेशन कच्चं असेल तर त्याच्यासाठी महिना घालवू नका.

टेस्ट कशी द्यायची

२०२५ पासून १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, आणि वेळ १८० मिनिटं. त्याआधीच्या चार वर्षांत भाग ब मध्ये पंधरापैकी दहा निवडायची मुभा होती आणि २०० मिनिटं मिळायची. जुन्या पद्धतीत तयार झालेल्या मुलांचा वेळ इथेच बिघडतो. त्या पद्धतीची टेस्ट सिरीज अजून घरात असेल तर ती सरावाला वापरा, वेळेच्या अंदाजाला नको.

आठवड्याला एक पूर्ण टेस्ट पुरे, शेवटच्या दीड महिन्यात दोन. टेस्टच्या मागे लागून आठवड्याला चार देणारी मुलं स्वतःला फक्त मोजत राहतात. तीन तासांच्या टेस्टमागे किमान पाच तासांचं विश्लेषण होत नसेल तर टेस्ट कमी करा. परीक्षेची वेळ दुपारी दोन ते पाच असते, म्हणून टेस्टही त्याच वेळेत द्या, खऱ्या ओएमआरवर, काळ्या बॉलपेनने. दुपारी झोपायची सवय असेल तर ती जानेवारीतच मोडा.

बहुतेकांना बायोलॉजी ४५ ते ५० मिनिटांत, केमिस्ट्री तेवढ्याच वेळात आणि उरलेला वेळ फिजिक्सला हा क्रम जमतो. प्रत्येक विषयाच्या दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत वाचताच रस्ता दिसतो ते प्रश्न, दुसरीत रेघ मारलेले. एका प्रश्नावर दीड मिनिट होऊन गेलं आणि अजून समीकरण मांडलेलं नाही, तर पुढे चला. ओएमआर शेवटी एकदम भरायचा ठेवू नका. प्रत्येक पान संपलं की त्या पानावरची उत्तरं भरा.

अंदाजाबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळतात, काहीच सोडू नका किंवा अंदाज अजिबात नको. हिशेब करून पाहा. पाच अंदाजांत एक बरोबर आला तर चार मिळतात, चार जातात, शून्य. म्हणजे पाचात एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तरच अंदाज फायद्याचा. दोन पर्याय खात्रीने खोडले असतील तर प्रत्येक अंदाजामागे सरासरी दीड गुण पदरात पडतो. पण ‘खात्रीने’ हा शब्द महत्त्वाचा. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांवरच बेतलेले असतात, त्यामुळे अर्धवट माहितीवरचा अंदाज कधीकधी डोळे मिटून मारलेल्या अंदाजापेक्षाही वाईट ठरतो. तुमचा स्वतःचा आकडा काढा. पाच-सहा टेस्टमध्ये रेघ मारलेले किती होते, त्यांतले किती बरोबर आले? विषयवार काढा. बायोलॉजीत तीनात एक येत असेल तर तिथे बिनधास्त मारा. फिजिक्समध्ये सातात एक येत असेल तर सोडा.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा

एवढं सगळं करूनही पहिले तीन-चार आठवडे गुण हलणार नाहीत, एखाद्या टेस्टला कमीही होतील. रोज पाहायचा आकडा वेगळा आहे: वहीतल्या काट मारलेल्या नोंदी, आणि टिंब असूनही चुकलेले प्रश्न. पहिला वाढत असेल, दुसरा घटत असेल तर मार्ग बरोबर आहे.

आठ आठवड्यांनंतरही पाच टेस्टची सरासरी तिथेच असेल तर कारणांच्या वर्गवारीकडे परत जा. ‘माहीतच नव्हतं’ चा ढीग मोठा असेल तर पाया राहिलाय. अकरावीचं फिजिक्स आणि मोल संकल्पना दोन आठवडे दुसरं काही न करता पक्की करा. वाचण्याच्या चुका तशाच असतील तर झोप पाहा. रात्री दोनपर्यंत जागून सहाला उठणाऱ्या मुलाच्या या चुका कुठल्याही वहीने जात नाहीत. सात तास झोप हा अभ्यासाचाच भाग धरा. टेस्टमध्ये ५०० आणि प्रत्यक्ष परीक्षेत ४२० असं दोनदा झालं असेल तर विषयापेक्षा परीक्षेच्या दडपणाकडे पाहायला हवं. अनोळखी केंद्रावर, अनोळखी मुलांमध्ये टेस्ट देऊन पाहा. समुपदेशकाशी बोला. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेस्ट आणि वही बाजूला ठेवा आणि घरच्या कुणाला तरी आजच सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

आईवडिलांना एक विनंती. टेस्टच्या संध्याकाळी ‘किती पडले?’ हा प्रश्न विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘आज काय नवं सापडलं?’ असं विचारा. शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाचा आकडा घरात उच्चारू नका. मुलाला तो आधीच पाठ असतो.

आणखी एक प्रयत्न द्यायचा का?

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची मर्यादाही नाही. त्यामुळे थांबायचं कधी हे परीक्षा सांगत नाही, ते घरीच ठरवावं लागतं. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. सरकारी जागा त्यातल्या निम्म्याच्या घरात. हे आकडे समोर ठेवून बोला.

माझी कसोटी अशी: मागच्या वर्षी वर सांगितलेलं विश्लेषण मनापासून केलं होतं का? केलं नसेल, आणि चुकांच्या वर्गवारीत गोंधळ, वाचणं आणि वेळ यांचा वाटा मोठा असेल, तर आणखी एका वर्षाला अर्थ आहे, कारण करण्यासारखं नवं काही आहे. सगळं प्रामाणिकपणे करूनही सरासरी हलली नसेल, तर तेच वर्ष पुन्हा जगण्यापेक्षा दुसरा रस्ता धरण्यात काहीच कमीपणा नाही. नीटच्याच गुणांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यक आणि फिजिओथेरपीचे प्रवेश होतात. फार्मसीसाठी राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट आहे. त्याचा फॉर्म नीटच्या बरोबरीने भरून ठेवा. त्यासाठी वेगळा अभ्यास फारसा लागत नाही, पण तिथे राज्य मंडळाचा अभ्यासक्रम असतो आणि निगेटिव्ह मार्किंग नसतं, तेव्हा दोन-तीन सराव पेपर तरी द्या.

ड्रॉप घेणार असाल तर पुढच्या प्रवेशाला शिक्षणातल्या खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र लागतं, ते प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांच्या फाइलमध्ये तयार ठेवा. आणि एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन शिकता शिकता पुन्हा नीट द्यायचा विचार असेल, तर जागा सोडण्याची शेवटची तारीख, अनामत रकमेचं काय होतं आणि दंड किती हे प्रवेश देणाऱ्या संस्थांच्या, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलच्या आणि केंद्राच्या एमसीसीच्या, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय फी भरू नका.